चौथे तिकीट

14 सप्टेंबर 2024 रोजी सिॲटलच्या लुमेन फील्डवर मी तिकीट तपासणाऱ्यांच्या एका गटावर देखरेख करत होते. जांभळ्या आणि किरमिजी कपड्यांतली रांग पुढे सरकत होती, पण तीत तरुण चेहरे अपेक्षेपेक्षा कमी होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे शरद सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते, त्यामुळे वॉशिंग्टन राज्यातल्या दोन विद्यापीठांमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या ॲपल कप सामन्यात एरवी घसा फोडून ओरडणारे कित्येक विद्यार्थी अजून शहरात परतलेच नव्हते.

जांभळ्या रंगाचे वॉशिंग्टन आणि किरमिजी रंगाचे वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांची ही चुरस 1900 सालापासूनची आहे, आणि वर्षानुवर्षे हा सामना थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, हंगामाच्या अखेरीस होत असे. ऑगस्ट 2023 मध्ये वॉशिंग्टनने टीव्ही हक्कांच्या मोठ्या पैशाकडे पाहून पॅक-12 हा विद्यापीठ संघांचा गट सोडून बिग टेन या दुसऱ्या गटात जाण्याचे ठरवले. महिनाभरात पॅक-12 मध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट हे दोनच संघ उरले. हंगामातल्या बारा सामन्यांपैकी नऊ बिग टेनमधल्या संघांना द्यायचे आणि उरलेले तीन बहुधा हंगामाच्या सुरुवातीलाच उरकायचे, अशी ही मांडणी असल्यामुळे ॲपल कप सप्टेंबरात आला, आणि त्याच महिन्यात बिग टेनमधल्या रटगर्स विद्यापीठाशी खेळायला वॉशिंग्टनच्या संघाला जवळपास चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला जावे लागले. गावच्या जत्रेची तिथी बदलली तर मुंबईहून कोण येऊ शकेल, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी विचारला जातो. इथे तो कोणी विचारला होता की नाही, याची मला शंका आहे.

किरमिजी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ पत्नी आणि बहिणीसह आले. फोनवर तिकिटे चार होती आणि माणसे तीन. चौथे तिकीट परत घेता येईल का, असे त्यांनी विचारले. त्यांचा धाकटा भाऊ वॉशिंग्टन स्टेटच्या गावाजवळ, पुलमनजवळ, पालूसच्या टेकड्यांवर गहू पिकवतो; नोव्हेंबरात तो मोकळा असे आणि दर वर्षी चौघे भावंडे-वहिनी एकत्र सामना पाहत, पण आता हिवाळी गव्हाची पेरणी अंगावर आली होती. नियमाने मला नकार द्यावा लागला, आणि तो देताना मला फार वाईट वाटले.

शेवटच्या मिनिटांत मी आत गेले, तेव्हा वॉशिंग्टन स्टेट 24-19 ने पुढे होते आणि वॉशिंग्टनचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर, चौथ्या डाऊनला म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला उभा होता. ते गृहस्थ कठड्याला टेकून, फोन कानाशी धरून प्रत्येक हालचाल सांगत होते. चेंडू बाजूला दिला गेला आणि धावपटूला रेषेच्या अलीकडेच पाडण्यात आले. आजूबाजूच्या आरडाओरड्यात त्यांनी माझ्याकडे वळून, भावाने शेतात ट्रॅक्टर थांबवला आहे, एवढेच सांगितले आणि फोन पुन्हा कानाला लावला.