नदी दिसत नाही, मान्य

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. म्हणजे पुढच्या गणपतीत कुणी ताट हातात घेऊन मागच्या डेकवर आलं आणि "अहो, नदीकाठी घर घेतलंत, पण नदी कुठाय? झाडं काढून टाका की!" असं म्हणालं, तर मला गुमान मसालेभात वाढता येईल.

नदी आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली लिटल मायामी. सिकॅमोर आणि मेपलच्या पट्ट्यापलीकडे वाहते, आणि झाडांना पानं आली की दिसत नाही.

यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सरकारची बंदी असेल ना?" नाही हो. निसर्गरम्य नद्यांचा कायदा ओहायोने 1968 सालीच केला. त्याखाली 1969 मध्ये पहिली घोषित झालेली नदी हीच, आणि 1973 मध्ये ती राष्ट्रीय यादीतही गेली. पण राज्याच्या या कायद्याचा लगाम सरकारी कामांना. शहर-गावाच्या हद्दीबाहेर नदीपासून 1,000 फुटांच्या आत एखाद्या सरकारी संस्थेला रस्ता किंवा पूल बांधायचा तर राज्याची मंजुरी लागते. नदी घोषित झाली म्हणून माझ्या खासगी जमिनीवर राज्याचा हक्क येत नाही. खासगी काठावरचं रान मालकाच्या मर्जीवर उभं आहे. इथे मालक मी, आणि तोडायची माझी मर्जी नाही.

घर घेतलं तेव्हाचा मी मात्र तुमच्याच पार्टीतला. झाडं कापणाऱ्याकडून कोटेशनसुद्धा मागवलं होतं. नदीचे पैसे मोजलेत, तर नदी दिसायला नको? तेव्हाच्या त्या 'मी'शी मी अजून भांडतो. सांगतो, सावलीमुळे उन्हाळ्यात पाणी तापत नाही, गळलेल्या पानांवर पाण्यातले किडे जगतात, किड्यांवर मासे. मका-सोयाबीनच्या शेतांतून येणारी माती आणि खत काठाच्या रानात बरंचसं अडतं. नाहीतर गाळाखाली शिंपले गुदमरतात. तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "एवढ्या लांब नदीत तुझ्या एका प्लॉटने काय होणार?" इथे माझी बोलती बंद.

आता शेजाऱ्याचं. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने काठ मोकळा केला, हिरवळ थेट पाण्यापर्यंत नेली. तुम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलंत. सुरुवातीला काही झालंही नाही, कारण झाड कापलं तरी मुळं कुजायला काही वर्षं जातात. मग एका एप्रिलमध्ये पाऊस लागून राहिला होता. बाबा सांगलीहून आलेले. रात्री धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा.

सकाळी चहा न घेताच बाबा तिकडे गेले. थड ढासळून उभी कड राहिली होती. वर चार बोटं गवताची मुळं, खाली कमरेइतका नुसता गाळ, त्यातून पाणी पाझरतंय. बाबांनी मूठभर माती काढून चिमटीत चोळली. "पोयटा हाय. धरून ठिवायला खाली काय न्हाईच."

मग गप्प झाले. का, ते मला माहीत होतं. आमची कृष्णाकाठची मळी, म्हणजे काठावरची गाळाची शेतजमीन. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी थडीची करंजं-बाभळी काढली आणि माती वीटभट्टीला दिली. नंतर दर पुरात मळी आत आत तुटत गेली. तो विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. त्या दिवशी त्यांनीच काढला. "तशी येळ आली तर आत्ताबी दीन," म्हणाले. "पर तुझ्यावर कुटं येळ आलीया?"

म्हणून तोडत नाही. याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, फार राग येतो. त्या मातीवर मी शिकलो, आणि त्या व्यवहाराला चूक म्हणायची माझी तयारी नाही.

पण झाडं ठेवली म्हणून माझी थड शाबूत आहे, असंही नाही. शेजाऱ्याने ढासळलेल्या कडेला दगडांचा थर रचला. त्याचा काठ थांबला, आणि धार तिथून वळून माझ्याकडे घुसली. वळणावरचा सगळ्यात मोठा सिकॅमोर मुळांसकट आडवा झाला. मी तावातावाने बोलायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "झाडं तर तुझीही पडलीच की." त्याआधी ॲशची झाडं किड्याने मेली होती, आणि त्या मोकळ्या जागेत परकी हनीसकलची झुडपं अशी माजली आहेत की दर हिवाळ्यात कोयता घेऊन मीच तोडत असतो. तेव्हा "हा काहीच तोडू देत नाही" हेही खरं नाही.

आता शेजारी म्हणतो, तुझ्याही वळणावर दगड टाकू, परवानगीचं मी बघतो, निम्मा खर्च देतो. खालच्या अंगाला एक म्हातारं जोडपं राहतं, पुढची धार त्यांच्या थडीला लागेल. त्याला अजून मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.