मोरसच्या बेटावर दीड दिवसाचा गणपती

माझी आजी साखरेला साखर कधी म्हणाली नाही. "जा गं, वाण्याकडून पावशेर मोरस घेऊन ये," असं म्हणायची. रोजच्या चहात गूळ, पाहुणे आले की मोरस. हा शब्द आला कुठून, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. चीनहून आली ती चिनी, मिसरहून आली ती मिस्री, तशी मॉरिशसहून आली ती मोरस. गुजरातीत तर अजूनही साखरेला मोरसच म्हणतात.

साखर त्या बेटावरून आपल्याकडे आली. पण ती पिकवायला आपल्याच किनाऱ्यावरची माणसं तिकडे गेली होती, हे आजीला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. कळल्यापासून मात्र डोक्यातून जाईना. म्हणून २०२५च्या गणपतीत मी मॉरिशसला गेले. लग्न होऊन चिपळूणला आल्यापासून घरचा गणपती मी एकदाही चुकवला नव्हता. दीर म्हणाले, "वहिनी, गणपती टाकून समुद्रापार?" म्हटलं, "भाऊजी, तिकडेही गणपतीच बघायला चालले आहे."

मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. विमान खाली येताना आधी निळं पाणी, मग पांढरी कड, आणि मग ऊस. डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस. तिथे ऊसतोड जूनला सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते, त्यामुळे अर्धी शेतं उभी होती, अर्धी मोकळी. मोकळ्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत होते. मला वाटलं, जुन्या बांधकामाचे अवशेष असतील. टॅक्सीवाल्याने सांगितलं, हे शेतातून वेचलेले दगड. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड. ते हातांनी उचलून बाजूला रचले तेव्हा कुठे ऊस लावायला जागा झाली. आधी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी, त्यांच्यानंतर आपल्या लोकांनी. मी गाडी थांबवायला सांगितली आणि एका ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्याच्या वर दोन पुरुष उंच. कोकणात कातळावर घर बांधताना दगड हलवायला किती माणसं लागतात, ते लहानपणी बघितलेलं आहे. हात लावून परत गाडीत बसले, बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही.

राजधानी पोर्ट लुईला दुसऱ्या दिवशी सकाळी आप्रवासी घाटावर गेले, म्हणजे करारावरच्या मजुरांना जहाजातून जिथे उतरवायचे तिथे. समोर बंदर, मागे मोठा रस्ता, आणि मधे दगडी भिंतींचे उरलेसुरले भाग. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि इंग्रज सरकारला करारावरच्या मजुरीचा प्रयोग करून बघायचा होता. म्हणून त्याच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, 'ॲटलस' जहाजातून छत्तीस जणांची तुकडी इथे पोचली. तिथून १९२०पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली. इथे प्रयोग जमला म्हणून तेच गिरमिट, म्हणजे करारावरची मजुरी, पुढे गयाना, त्रिनिदाद, सुरीनाम, फिजी असं जगभर गेलं. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं, ते यासाठी.

उतरलेल्या माणसाला डेपोत एक-दोन दिवस ठेवायचे. तपासणी, नोंदणी, एक क्रमांक. मग मळेवाला घेऊन जाणार. करार साधारण पाच वर्षांचा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायचे. नंतरच्या काळात प्रत्येकाला स्वतःच्या फोटोचं तिकीट जवळ बाळगावं लागे, ते नसेल तर पोलीस पकडून नेत. घाटावरच्या माहिती केंद्रात तसले फोटो मोठे करून लावलेत. एका बाईच्या फोटोसमोर मी थांबले. नाकात नथ नाही पण टोचलेलं भोक स्पष्ट दिसतंय, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. ती फोटो काढून घ्यायला बसलेली नाही, बसवलेली आहे, हे बघताक्षणी कळतं.

पायऱ्या मी तीनदा चढले-उतरले. परदेशातल्या भारतीयांचा दबदबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्यांचे प्रमुख येतात, सिलिकॉन व्हॅली येते. अभिमान मलाही आहे. मालवणजवळच्या वराड गावचं रक्त असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आमच्याकडेही सगळ्यांना पेढ्याची आठवण झाली होती. पण ही गोष्ट सांगायची तर या पायऱ्यांपासून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. विमानाने गेलेला माणूस परत येऊ शकतो. या पायऱ्या चढलेल्यांपैकी काही परतले, बहुतेक राहिले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ज्यांचं नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी या बेटाचं राज्य हातात घेतलं. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून आले होते. दोन हजारांच्या नोटेवर आज त्या मुलाचा फोटो आहे. मॉरिशसच्या नोटांवर देवनागरी आणि तमिळ अक्षरंही छापतात. स्वातंत्र्यासाठी त्यांनी १२ मार्च ही तारीख निवडली, १९६८ साल. गांधीजींनी दांडीकडे पहिलं पाऊल टाकलं ती तारीख. १९०१मध्ये आफ्रिकेहून परतताना गांधीजी या बेटावर थांबले होते, मुलांना शिकवा म्हणून सांगून गेले.

घाटावरून बाजाराकडे चालत गेले. दुपारची भूक होती, आणि गल्लीच्या तोंडाशी ढोलपुरीच्या गाडीला रांग. तिथे ढोलपुरी एक मागत नाहीत, जोडी मागतात. पातळ, मऊ, आत हळदीची पिवळी डाळ भरड वाटून भरलेली. वर पावट्यासारख्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोचा रुगाय, मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. पहिला घास घेतला आणि लक्षात आलं, ही बिनगुळाची पुरणपोळी आहे. ही भोजपुरी घरांतली दालपुरी, हे मला ठाऊक आहे; पण माझ्या तोंडाला पुरणच आठवलं. रांगेत माझ्या पुढे एक चिनी वळणाच्या चेहऱ्याचे आजोबा होते, मागे शाळेच्या गणवेशातल्या आफ्रिकी वंशाच्या दोन मुली. सगळ्यांचं दुपारचं जेवण तेच. बिहारच्या कुठल्या तरी चुलीवरची पुरी आज अख्ख्या देशाचं जेवण झाली आहे. मला हा प्रभाव कुठल्याही हुद्द्यापेक्षा मोठा वाटतो, कारण तो कुणावर लादलेला नाही.

शेजारच्या दुकानात आपलं यूपीआय चाललं. २०२४च्या फेब्रुवारीपासून तिथे ते सुरू आहे.

आता ज्यासाठी गेले होते ते.

गिरमिटिये बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून गेले ते त्यामानाने थोडे. त्यांत रत्नागिरी, मालवण, साताऱ्याकडचे मराठी. आज ते बेटावर मूठभर आहेत, पण विखुरले नाहीत. वाक्वा, हेन्रिएटा, पश्चिमेकडचं कास्कावेल अशा गावांत त्यांची वस्ती आहे. हेन्रिएटात १८९६ साली एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला, असं तिथले लोक सांगतात. लोकमान्यांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा. म्हणजे इकडे पुण्यात मंडप उभे राहत होते तेव्हाच तिकडे उसाच्या मळ्यात कुणीतरी माती मळून मूर्ती घडवत होतं. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची देशभर सुटी असते. आणि सुटी कधी, तर चतुर्थीला नाही, दुसऱ्या दिवशी. विसर्जनाला. दीड दिवसाचा गणपती! आमच्या कोकणात किती घरांत असतो तसाच. एवढ्या एका गोष्टीवरून मला ही माणसं कुठली ते कळलं.

कास्कावेलला महाराष्ट्र भवन आहे. तिथे शिवछत्रपतींचा पुतळा २०२३च्या एप्रिलमध्ये बसवला. मी पोचले तेव्हा दुपारची आरती व्हायची होती. बायका नऊवारीत, पुरुष पांढऱ्या टोपीत, आणि सगळ्यांचं आपसातलं बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून आलेल्या तिथल्या बोलीत. "कि मान्येर?" म्हणजे कसं काय. मला वाटलं होतं, निदान इथे तरी मराठी कानावर पडेल. मग टाळ वाजले आणि सगळी आरती, शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत, एकही शब्द न चुकता. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलीने मला इंग्रजीत आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. मी तो शब्द जन्मभर म्हणत आले आहे. मला सांगता आला नाही.

अर्थ सांगितला तो मागे उभ्या असलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. सरकारी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. तिथे प्राथमिक शाळेपासून मराठी विषय घेता येतो. "आपण कोणत्या गावाहून आलात, ताई?" त्यांनी विचारलं. प्रत्येक अक्षर वेगळं, स्पष्ट. पुस्तकातून शिकलेलं, पण जपून ठेवलेलं मराठी. त्यांचं आडनाव म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचं पहिलं नाव. तिथे बहुतेकांचं असंच आहे. घाटावर नाव विचारलं, आडनावाच्या रकान्यात बापाचं नाव पडलं, मोरे, कदम, शिंदे असं जे काही होतं ते समुद्रात राहिलं.

मग झाकरी सुरू झाली. मधे ढोलकीवाला आणि गाणारा, भोवती पुरुषांचं रिंगण, एका पायावर झोक, मग गिरकी. मी उभीच राहिले. हा आमचा जाखडी नाच. बाल्या नाच म्हणतात तो. गाण्याचे शब्द झिजून झिजून काही ठिकाणी नुसते आवाज उरलेत, निम्मं मला कळलं नाही. पण पाय! उजवा पाय पुढे टाकून टाच आपटायची आणि अंग मागे घ्यायचं, ते अगदी तसंच. माझे सासरे हे नाचायचे. पाच-सहा पिढ्या हे कुणी लिहून ठेवलं नाही. बापाने केलं, मुलाने बघितलं, एवढंच.

जेवण झाल्यावर गुरुजींनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत सगळ्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत; तिथली प्रत. भारत सरकारने २०२४मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, द्यायचं ठरवलं, तेव्हा गुरुजींच्या नातवाने खटपट करून ती मिळवली. जहाज, क्रमांक, वय, उंची, अंगावरची खूण. जिल्हा 'रत्नाघेरी', तो त्यांनी ओळखला होता. पण गावाच्या रकान्यातलं इंग्रजी अक्षर त्यांना लागत नव्हतं. "मकझन, असं आम्ही वाचतो," ते म्हणाले. "नकाशात सापडत नाही."

मी कागद उजेडाकडे धरला. तालुक्याच्या जागी संगमेश्वरासारखं काहीतरी खरडलेलं. मग एकदम लागलं. "गुरुजी, माखजन. हे माखजन आहे!" माझ्या आत्याला माखजनात दिलेलं. गड नदीच्या काठी बाजार, पावसात नदी दुकानांत शिरते, आगगाडीने गेलं तर आरवलीला उतरायचं. मी भडाभडा सांगत सुटले. ते मात्र एकच शब्द हळूहळू म्हणून बघत होते. माखजन. मग खिशातलं पेन काढून त्यांनी पाकिटावर देवनागरीत तो लिहिला आणि बरोबर आहे का म्हणून मला दाखवला.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मी त्यांच्याच घरच्या मंडळींबरोबर गेले. फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, आपल्या गुहागरला आहेत तशीच. रस्त्याने ढोलकी, गुलाल, आणि हॉटेलांतून बाहेर आलेले पाहुणे. मूर्ती लहान, मातीची. गुरुजींचा नातू ती घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेला. मी आणि गुरुजी वाळूत थांबलो.

"त्या माखजनात आता आमचं कोणी असेल का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "सांगता येत नाही, गुरुजी. आमच्याकडची निम्मी घरं बंदच असतात. माणसं मुंबईला असतात, कामाला. चाकरमानी म्हणतो आम्ही त्यांना. वर्षातून एकदा गणपतीला येतात, तेव्हा घर उघडतात, झाडतात, दिवा लावतात."

ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आज उघडं असेल," ते म्हणाले.