राणीबागेचा नकाशा, आमच्या पाचवीत

गेल्या आठवड्यात पाचवीच्या पोरांसोबत चार कार्डशीट जोडून झूचा मॅप केला, भायखळ्याची राणीबाग डोळ्यासमोर ठेवून, अट एकच, प्राणी गटाप्रमाणे बसवायचे, सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर. सगळ्यात जास्त वेळ पेंग्विनवर गेला. उडत नाही, पोहतो, मग मासा ना टीचर? पण त्याला पिसं आहेत, चोच आहे, श्वास फुप्फुसांनी घेतो, असं बोलत बोलत पोरांनी स्वतःच त्याला पक्ष्यांकडे नेलं, आणि हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा म्हणून बर्फ रंगवायचा नाही हेही ठरलं. फार आवडलं मला हे! वटवाघूळ पिल्लाला दूध पाजतं म्हणून सस्तनात. कासव आणि बेडूक मात्र एकाच तळ्यात हवे होते, शेवटी तळ्याच्या मधोमध रेघ मारली, अलीकडे सरपटणारे, पलीकडे उभयचर.