कुंडलिकेचा काठ आणि चढणीचे मासे

मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिका नदीत उतरते, म्हणूनच ऐन मे महिन्यातही कोलाडला राफ्टिंग चालते आणि आमच्या गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. परंतु पाणी रोज चढते-उतरते, राफ्ट उतरवायला जो तो आपली वाट पाडतो, जीपगाड्या थेट पाण्याला भिडतात. शिवाय तंबूतून नदी दिसावी म्हणून काठावरची झुडपे छाटली गेली. पाहता पाहता ओढ्याच्या तोंडाशी असलेला काठ ढासळला. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे याच ओढ्याने वर चढून अंडी घालतात, आणि त्या अंड्यांवर आता माती बसू लागली होती.

आम्ही नऊ जणांनी काठ सावरायचे ठरवले. परवानग्यांत एक उन्हाळा गेला. जूनमध्ये घाईने काठाच्या माथ्यावर करंज आणि जांभूळ लावले, ते जुलैच्या पुरात मातीसकट गेले, कारण पाया मोकळाच होता. गावातले एक कातकरी बाबा म्हणाले, "दादा, आधी खडक धरणारं झाड लावा, सावलीचं मागून." त्यांनीच वरच्या डोहाकाठची शेरणीची झुडपे दाखवली. पावसाळा सरल्यावर, पाणी उतरलेले असताना आम्ही पायथ्याला दगड रचले, त्यावर काथ्याची जाळी अंथरली आणि फटींतून शेरणी व वाळुंजाच्या फांद्या खोचल्या.

लावणीपेक्षा कितीतरी अवघड होते ते माणसांची पावले वळवणे. गाईडचे काम करणाऱ्या पोरांना वाटले, आम्ही त्यांची नदी बंद करतो आहोत, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. ग्रामसभेत तीनदा बोलणे झाल्यावर ठरले की खालच्या कातळावरचा एकच उतार सर्वांनी वापरायचा, गाड्या वडापाशी थांबवायच्या, आणि पहिल्या पावसापासून ओढ्याच्या तोंडाशी राफ्टही नाही, जाळेही नाही. जाळ्याची अट आमच्याच घरांना सर्वांत जड गेली, कारण गाबोळीने भरलेला चढणीचा मासा म्हणजे इकडची वर्षाची मेजवानी.

आता पाणी उतरले तरी शेरणीच्या मुळांखाली घोटाभर पाणी सावलीत राहते. परवा तिथे ओणवा होऊन पाहिले, तर करंगळीएवढी पिल्ले प्रवाहाकडे तोंड करून, शेपट्या हलवत जागच्या जागी तरंगत होती. खालच्या अंगाला वीसेक फूट काठ अजून उघडा आहे. तिथले दगड पावसाआधी बसवायचे आहेत.