कॉन्फरन्समधला पेपर जर्नलपर्यंत नेताना : माझा अनुभव

एमएस सर्जरीला माझा थिसिस परफोरेशन पेरिटोनायटिसवर होता. जठर किंवा आतडं फुटून पोटात पू झालेले पेशंट आमच्या सरकारी रुग्णालयात रोजचेच. त्यांना मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्सने गुण द्यायचे आणि दगावण्याचा धोका त्यावरून नीट कळतो का ते पाहायचं. वय पन्नाशीपुढे असेल तर ५ गुण, एखादा अवयव निकामी झाला असेल तर ७, पोट उघडल्यावर विष्ठा सापडली तर १२. जास्तीत जास्त ४७. यावरचा पेपर मी राज्य पातळीवरच्या कॉन्फरन्समध्ये वाचला. काही मिनिटं बोलायचं, एक-दोन प्रश्न, सर्टिफिकेट. बहुतेक पेपर इथेच थांबतात.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात वेगवेगळ्या वैद्यकीय शाखांच्या कॉन्फरन्समधल्या ३ लाखांहून जास्त गोषवाऱ्यांची माहिती एकत्र केली आहे. त्यांतले पुढे पूर्ण लेख म्हणून छापून आले सुमारे ३७ टक्के. रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली चाचणी, असेल तर प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं, आणि निष्कर्ष मनासारखा आला असेल तर छापलं जाण्याची शक्यता वाढते. का छापलं नाही, असं लेखकांनाच विचारलेल्या अभ्यासांत सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे ‘वेळ मिळाला नाही’.

आमच्याकडे हे कसं घडतं ते मी जवळून पाहिलंय. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार परीक्षेला बसायला एक पोस्टर, एक पेपर आणि ‘छापलेला, स्वीकारलेला किंवा पाठवलेला’ एक शोधनिबंध लागायचा. म्हणजे पाठवल्याची पोच असली तरी परीक्षेपुरतं भागायचं. मग परीक्षा, निकाल, बाँडची म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची पोस्टिंग. मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता, एकाच्या लॅपटॉपवर, केस पेपर एमआरडीत म्हणजे रेकॉर्ड विभागात आणि युनिटमधले सगळे पांगलेले. त्यातच कॉन्फरन्सनंतर ‘तीन दिवसांत स्वीकृती, फक्त फी भरा’ अशा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलच्या मेल सुरू होतात. माझ्या गाइड मॅडमनी ठाम सांगितलं, तिकडे फिरकायचंही नाही.

पहिल्या जर्नलने ‘यात नवीन काही नाही’ म्हणून माझा पेपर परत पाठवला. मला ते अजिबात पटलं नाही. दुसरीकडे तयार झालेला स्कोअर आपल्या उशिरा पोहोचणाऱ्या पेशंटला लागू पडतो का, हे कुणीतरी नोंदवायलाच हवं. दुसऱ्या जर्नलला पाठवताना कव्हर लेटरमध्ये कॉन्फरन्सचा उल्लेख केला. गोषवारा म्हणून मांडलेलं काम पूर्ण लेख म्हणून देणं नियमात बसतं, फक्त ते लपवायचं नाही.

खरं काम सुरू झालं ते रिव्ह्यूअरचे, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचे, प्रश्न आल्यावर. पहिला प्रश्न : ऑपरेशनपूर्वी पेरिटोनायटिसला चोवीस तासांहून जास्त वेळ झाला असेल तर ४ गुण आहेत, पण तो वेळ तुम्ही कधीपासून मोजलात? केस पेपरवर ‘पोटदुखी चार दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं सुरुवातीचं दुखणं अल्सरचं असू शकतं. फुटल्याची कळ वेगळी असते. पेशंट ती वेळ नेमकी सांगतो, ‘रात्री जेवून पडलो आणि एकदम सुरी खुपसल्यासारखं झालं.’ ज्या रेसिडेंटने हे वाक्य जसंच्या तसं टिपलं होतं, त्याच्या नोंदींवरून वेळ ठरवता आली. जिथे नव्हतं, तिथे ‘माहिती नाही’ असाच रकाना भरला.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. डामा गेलेले, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलेले पेशंट तुम्ही जिवंत धरलेत की कसे? स्लाइडवर हा प्रश्न मावतच नाही, आणि सभागृहात तो कुणी विचारलाही नव्हता. फोन लावत बसले. काही नंबर बंद, काही शेजाऱ्यांचे. ऊसतोडीची कुटुंबं हंगाम संपल्यावर गावी परतलेली. एका घरी वडील गेल्याचं मुलाने सांगितलं आणि वर विचारलं, ‘मॅडम, नेलं नसतं तर वाचले असते का?’ यावर काय बोलावं ते मला अजूनही सुचत नाही. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) सरांनी हिशेब दोन्ही प्रकारे करून दिला, ते दगावले असं धरून आणि वाचले असं धरून. पेपरमध्ये दोन्ही दिले.

लेखकांच्या नावांवरही बोलावं लागलं. गोषवाऱ्यावर अख्खं युनिट होतं. जर्नलने प्रत्येकाचं काम लिहून मागितलं. मॅडमनी स्वतः एकेकाला फोन केले, त्यामुळे कुणी दुखावलं नाही.

पेपर छापून आला. आता ज्युनिअर थिसिस घेऊन येतात तेव्हा मी आधी मास्टर चार्ट उघडायला लावते : डामाचा वेगळा रकाना आहे का, दोन फोन नंबर घेतलेत का, कळ कधी आली ते पेशंटच्या शब्दांत लिहिलंय का. आणि पहिला मसुदा हॉस्टेलची खोली सोडण्याआधी मागते, कारण बाँडवर गेल्यावर तो लिहून होणं फार कठीण.