आमच्या गल्लीचं गेट आणि वहिवाटीचा दावा

मालाड पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट लागलं. आतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: इथे महापालिकेने डांबर टाकलंय, कचऱ्याची गाडी रोज येते, मग रस्ता खासगी कसा? गेट लावणारे पुढच्या प्लॉटचे मालक प्रॉपर्टी कार्ड पुढे करत होते. गल्लीची जमीन त्यावर खरोखरच त्यांच्या नावाने होती.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत आमचा समज खोडून काढला. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 306 खाली खासगी रस्ता सार्वजनिक करायचा तर आयुक्तांची तशी नोटीस त्या रस्त्यावर लागावी लागते, आणि महिन्याभरात मालकाने लेखी हरकत घेतली तर तो सार्वजनिक होत नाही. नुसत्या डांबराने काही सिद्ध होत नाही. माहिती अधिकारात विचारलं, तर आमच्या गल्लीसाठी अशी नोटीस कधी निघालीच नव्हती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी हात टेकले.

पण त्याच कायद्यातली रस्त्याची व्याख्या पाहा. जिच्यावरून लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, किंवा लोक 20 वर्षं अखंड ये-जा करत आले आहेत, अशी गल्लीबोळसुद्धा रस्ताच धरली जाते. ती खासगी असली तरी. आणि कलम 312 प्रमाणे आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यात भिंत, कुंपण, खांब घालता येत नाही. म्हणजे जमिनीचा वाद हरूनही गेटचा वाद जिंकता येतो! हे कळल्यावर मालकीवरून भांडणं आम्ही सोडून दिलं. जमीन त्यांची असो, आम्हाला वाट हवी होती.

दुसरा आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 चा. कलम 15 नुसार उघडपणे, शांततेने, हक्काने आणि अखंड 20 वर्षं वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मिळतो. यातला ‘हक्काने’ हा शब्द फार महत्त्वाचा. परवानगीने केलेला वापर कितीही जुना असला तरी कामाचा नाही. गेटवरचा वॉचमन गाड्यांसाठी स्टिकर वाटत होता, रजिस्टरमध्ये सही मागत होता. सही करायची नाही, स्टिकर घ्यायचा नाही, असं वकीलबाईंनी निक्षून सांगितलं, कारण उद्या तोच कागद ‘आमच्या परवानगीने येत होते’ म्हणून कोर्टात येतो. काही घरांना हे पटवताना मला फार जड गेलं. एका मावशींना डायलिसिसला जावं लागतं, रिक्षा दारापर्यंत यायला हवी. त्यांना तत्त्वं सांगायची कशी? शेवटी मंडळाची पोरं त्यांना खुर्चीत बसवून गेटपर्यंत नेत राहिली.

उशीर करूनही चालत नाही. 20 वर्षांचा काळ दावा दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो, म्हणजे वाट अडवली गेल्यावर दोन वर्षांत कोर्टात जावं लागतं. ‘बघू, समजुतीने मिटेल’ म्हणत बसलेल्या सोसायट्यांचं इथेच नुकसान होतं.

पुराव्यासाठी घरोघरी फिरलो. जुनी वीजबिलं, रेशनकार्डांवरचे पत्ते, लग्नपत्रिका. सगळ्यात भक्कम निघाले गणेशोत्सव मंडळाचे छापील अहवाल. दरवर्षीच्या मिरवणुकीचा फोटो, त्यात हीच गल्ली, आणि मुखपृष्ठावर साल. ते जपून ठेवणाऱ्या खजिनदार काकांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

महापालिकेलाही प्रतिवादी करायचं होतं, म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम 527 ची महिन्याची नोटीस आधी दिली. मग दिंडोशीच्या कोर्टात दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेले अधिकारी, पाहणी करून गेले. आत जायला दुसरी वाट नाही, हे त्यांच्या अहवालात आलं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत गेट रात्रंदिवस उघडं ठेवावं, असा हुकूम झाला. मालकी कोणाची यावर कोर्टाने अजून काही म्हटलेलं नाही, आणि आम्ही मागितलंही नव्हतं.

आता पुराव्याची प्रतिज्ञापत्रं सुरू आहेत. चाळीतल्या सगळ्यात जुन्या आजींना कोर्टाचे जिने झेपत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष कमिशनरने घरी येऊन नोंदवावी असा अर्ज दिलाय. पुढच्या तारखेला त्यावर सुनावणी आहे.