वैरातून प्रीती

"त्या इंग्रजी मालिकेत तुला एवढं काय दिसतं गं?" असे वहिनीने सहज विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही, याचा राग दिवसभर धुमसत राहिला.

'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या पर्वातले दोष मला तोंडपाठ आहेत. १८१४ सालच्या लंडनमध्ये मुंबईहून आलेल्या शर्मा भगिनींपैकी धाकटीला मराठी येते हे थोरली केट अभिमानाने सांगते, आणि पुढे आठ भागांत मराठीचे एक वाक्य कानावर पडत नाही. केट इंग्रजी चहाला नाके मुरडते, आपला मसाला घालून घेते. त्या वेळी आसामात चहाचे मळेसुद्धा लागलेले नव्हते. इकडे पेशवाई बुडायला जेमतेम चार वर्षे उरली आहेत, पण कंपनी सरकारचा विषय त्या दिवाणखान्यांना जणू वर्ज्य आहे. हे सगळे कळूनही मी बघते, आणि परत बघते, म्हणजे मला नेमके काय हवे असते?

भांडण हवे असते, असे आधी वाटले. ब्रिजर्टन घराण्यातला थोरला मुलगा अँथनी बायको कशी हवी याच्या अटी मित्रांना ऐकवतो, त्या केटच्या कानी पडतात, आणि तिथून दोघे एकमेकांना एक शब्दही खाली पडू देत नाहीत. कोणी इतके मन लावून आपल्याशी भांडावे, हे सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. असो.

पण नुसते भांडण तर कुठेही मिळते. केट धाकटीच्या केसांना तेल लावते तेव्हा मी श्वास रोखून बसते, हे खरे. सव्विसाव्या वर्षी स्वतःला निकालात काढून बहिणीचे स्थळ जमवणारी ही थोरली मला फार ओळखीची आहे. म्हणूनच धाकटीच्या भर लग्नात केटचे कंगन खाली पडते आणि नवरदेव झालेला अँथनी नवरीला सोडून ते उचलायला वाकतो, तेव्हा धाकटीची दया यायच्या आधी मला आनंद होतो. या आनंदाची लाज वाटते. पण तो काही कमी होत नाही.

तिसऱ्या पर्वात तर दिवस गेलेल्या केटला घेऊन अँथनी भारतात यायला निघतो. सुएझचा कालवा १८६९ सालचा, म्हणजे हिला आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने जहाजात काढायचे आहेत. मी मात्र पहिले बाळंतपण माहेरी होणार म्हणून खूश!